इंचमोरीची बसवाली

इंचमोरीतला रस्ता एका गाडीपुरताच आहे. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीने मागे सरायचं. त्यासाठी थोड्या थोड्या अंतरावर रस्त्याची कड बाहेर फुगवलेली असते आणि पांढऱ्या पाटीवर लिहिलेलं असतं की इथे थांबा. जो थांबला त्याला जाणाऱ्याने स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून दाखवायचं. एकच बोट. अख्खा हात हलवला तर लोक ओळखतात, पाहुणा आहे.

*

कुवेतमध्ये उन्हाळ्यात थंड पाण्याचा नळ सोडला तर हात भाजतो. गच्चीवरची टाकी दिवसभर तापलेली असते. म्हणून लोक गीझर बंद ठेवतात आणि त्यात निवत पडलेल्या पाण्याने आंघोळ करतात. गरम पाण्याचा नळ तेवढा गार.

*

हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो. थोडा असेल तर. जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास जातो. वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटलेली माणसं बहुतेक खाली बसलेल्या अवस्थेत सापडतात.

*

वेळ : १६:०५. वायू : ०. तपासणाऱ्याची सही. परवाना देणाऱ्याची सही.

*

"भाकऱ्या झाकून ठेवल्यात. पयला भाग बघून घ्या, मग सुकट गरम करते."

*

जून ते ऑगस्ट, सकाळी अकरा ते दुपारी चार, उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे.

*

ही सगळी वाक्यं प्रताप सोनवणेच्या डोक्यात दहा दिवस फिरत होती, आणि ती अशीच सुटी सुटी फिरत होती. एकाला एक जोडून ठेवली की त्यांची गोष्ट होत होती, आणि ती गोष्ट त्याला नको होती.

प्रताप मूळचा नाशिकचा. वय बावन्न. एकोणीस वर्षं कुवेतमध्ये, त्यातली चौदा त्याच एका कारखान्यात, जिथे तो कामाचे परवाने देणारा इंजिनिअर होता. राहायला अबू हलीफाला, सातव्या मजल्यावर, बाल्कनीतून समुद्राची एक पट्टी दिसेल अशा फ्लॅटमध्ये. बायको चारुशीला. मुलगी प्रणिता पुण्याला शिकायला. माणूस बोलका नव्हे. चारुशीला म्हणायची, "घरात दिवसभरात तू मोजून वीस वाक्यं बोलतोस. बाकीची सगळी त्या बाईच्या बसमध्ये खर्च करतोस."

ती बाई म्हणजे एल्सी. इंचमोरी नावाच्या, नकाशात कुठेही नसलेल्या स्कॉटलंडमधल्या एका खेड्यात ती गावची एकुलती एक बस चालवते. मालिकेचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, पण या दोन घरांत तिला 'बसवाली' म्हणत.

दोन घरं म्हणजे एक प्रतापचं आणि दुसरं उस्मान परकारचं.

मालिका पहिली, भाग पहिला

एल्सी बस घेऊन निघते. रस्त्यात मेंढ्या बसलेल्या असतात. ती थांबते. मेंढ्या उठत नाहीत. ती डबा उघडून जेवते. भाग संपतो.

खरं तर आणखीही काही घडतं, पण उस्मानला नंतर कधीही विचारलं तरी त्याला एवढंच आठवायचं आणि हसू यायचं. "पन्नास मिनटं गेली वो. आन् काय झालं? बाई जेवली."

उस्मान दाभोळच्या खाडीकाठचा. कारखान्यात वायू तपासनीस. म्हणजे हातात पिवळं मीटर घेऊन फिरायचं, कुठे खड्ड्यात, टाकीत, नळीत माणूस उतरायचा असेल तर आधी आपण मीटर उतरवायचं, आकडा वाचायचा, कागदावर लिहायचा, सही करायची. त्याच्या सहीखाली प्रतापची सही. दोन्ही सह्या झाल्या की माणूस उतरणार. अशा सह्या दोघांनी एका कागदावर मिळून किती केल्या असतील, त्याला हिशेब नाही.

कारखान्यात तो प्रतापला साहेब म्हणायचा आणि फहाहीलमधल्या आपल्या घरात भाऊ. हे कुणी ठरवलं नव्हतं. गेटच्या आत साहेब, गेटच्या बाहेर भाऊ.

टाळेबंदीच्या वर्षी दोघांच्या गाठीभेटी वाढल्या आणि बसवाली सुरू झाली. उस्मानला इंग्रजी कामापुरतं यायचं, आणि इंचमोरीतल्या लोकांचं इंग्रजी तर प्रतापलाही खालच्या ओळी वाचल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून प्रतापने सांगायचं आणि उस्मानने ऐकायचं अशी रीत पडली. प्रताप सांगताना रंगात यायचा. म्हातारा मर्डो पडद्यावर दोन शब्द पुटपुटे, आणि प्रताप त्याची चार वाक्यं करी. "तो म्हणतो, बाई गं, तुझी बस म्हणजे माझ्या सासूसारखी आहे, येते उशिरा आणि जाता जात नाही."

उस्मानची मुलगी माहीन तेव्हा बारा वर्षांची. ती मोबाईलमधून डोकं न काढता म्हणायची, "अंकल, ही डिडन्ट से दॅट."

"अगं, त्याच्या मनात होतं ते."

"ही जस्ट सेड गुड मॉर्निंग."

उस्मान पोट धरून हसायचा. "गप गो. भाऊचा मर्डो बराय. तुझ्या मर्डोला कोण बघतो?"

का आवडायची बसवाली, हे दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही. उस्मान म्हणायचा, तो धक्का बघा, ती होडी बघा, आमच्या खाडीसारखंच हाय, फक्त कापडं जास्त. उस्मानची बायको, लैलाभाभी, म्हणायची, हिरवं बघितलं की डोळे निवतात. प्रतापने स्वतःशी त्याचं उत्तर एकदा काढलं होतं, गाडीत, सिग्नलला थांबलेला असताना. इंचमोरीत कुणाचा इकामा, राहायचा परवाना, संपत नाही. कुणाला कुणी रस्त्यात अडवून बताका, म्हणजे ओळखपत्र, दाखव म्हणत नाही. तिथे कुणी वाईट वागलं तरी तो आपल्याच गावचा म्हणून उरतो. संध्याकाळपर्यंत गावच्या सभागृहात सगळे जमतात, ज्याची चूक असेल तो उभा राहतो, सांगतो, क्षणभर शांतता होते, मग कुणीतरी विचारतं की चहा कोण कोण घेणार, आणि संपलं. प्रत्येक भागाच्या शेवटी हे असं. पाच वर्षं त्याने ते पाहिलं होतं. त्या क्षणभराच्या शांततेसाठी तो बाकीची एकोणपन्नास मिनिटं पाहायचा, असं म्हटलं तरी चालेल.

चारची सही

आता कामाची पद्धत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

उन्हाळ्यात अकरा वाजता उघड्यावरचं काम थांबतं आणि चारला पुन्हा सुरू होतं. नियम असा की चारला पुन्हा मीटर उतरवायचं, नवा आकडा लिहायचा, दोघांनी नव्याने सह्या करायच्या. पण सकाळची पाळी अडीचला सुटते, आणि संध्याकाळच्या पाळीला तीन युनिटना मिळून एकच तपासनीस. तो फिरत फिरत येईपर्यंत साडेपाच. तोवर वीस माणसं सावलीत बसून राहणार आणि सुपरवायझर फोनवर बोंबलणार. म्हणून कधीतरी, कुणीतरी, एक सोय काढली. सकाळच्या तपासनिसाने अकरालाच संध्याकाळचा रकानाही भरून टाकायचा. वेळ : १६:०५. वायू : ०. आणि इंजिनिअरने खाली सही करायची. याला ते 'चारची सही' म्हणत. नव्या माणसाला हे कुणी शिकवायचं नाही, तो बघून शिकायचा. सहा उन्हाळे असंच चाललं होतं आणि सहा उन्हाळे आकडा खरोखर शून्यच होता, असं सगळे धरून चालले होते, कारण कुणी मेलं नव्हतं.

मालिका पाचवी, भाग पहिला

दोन वर्षं बसवाली आली नव्हती. मग कळलं की जूनच्या एका गुरुवारी पाचवी मालिका सुरू होतेय, कुवेतच्या वेळेने दुपारी तीनला. गुरुवार म्हणजे तिथला आठवड्याचा शेवट. लैलाभाभीने आधल्या दिवशीच सुकट निवडून ठेवली.

त्या गुरुवारी अकरा वाजता उस्मानने आणि प्रतापने तेरा नंबरच्या खड्ड्याच्या परवान्यावर चारची सही केली. पावणेतीनच्या आत उस्मान कामगारांच्या गेटमधून कार्ड लावून बाहेर पडला. प्रताप गाडी घेऊन बाहेर वाटच पाहत होता. तीनला पाच कमी असताना दोघे फहाहीलच्या घरात होते. चारुशीला आधीच येऊन बसली होती.

एल्सी आता थोडी म्हातारी झाली होती. बस नवी होती. मेंढ्या त्याच. उस्मान म्हणाला, "ह्या मेंढ्यांचा पगार किती असंल?" प्रतापने मर्डोच्या तोंडी सासूचा विनोद पुन्हा घातला आणि सगळे पुन्हा हसले. भाग संपला, तरी कुणी उठेना, म्हणून त्यांनी आवडते दोन प्रसंग मागे नेऊन परत पाहिले.

चार वाजून सतरा मिनिटांनी प्रतापचा फोन वाजला.

शत्रुघ्न नावाचा फिटर, वय चौतीस, सिवान जिल्ह्यातला, तेरा नंबरच्या खड्ड्यात उतरला होता. शेजारची नळी त्या सकाळी उघडलेली होती आणि दुपारभरात तिथून वायू झिरपून खड्ड्यात साठला होता. त्याने वरच्या माणसाला ओरडून सांगितलं, वास येतोय. मग सांगितलं, गेला वास. मग काही सांगितलं नाही.

पडद्यावर एल्सी बस मागे घेत थांबलेली होती. कुणीतरी पॉज केलं होतं. लैलाभाभी भाकरीचं ताट हातात घेऊन उभी होती आणि कुणी ते घेत नव्हतं.

गेट

कामगारांचं गेट फिरतं आहे. कार्ड लावल्याशिवाय ते फिरत नाही, आत येताना नाही आणि बाहेर जातानाही नाही. इंजिनिअरांच्या गाड्यांसाठी वेगळा रस्ता. तिथे आत येताना नोंद होते. बाहेर जाताना पहारेकरी चेहरा बघून दांडा वर करतो.

म्हणून चौकशी समितीपुढे दोन गोष्टी आल्या. एक : उस्मान परकार १४:४१ला बाहेर पडला, आणि त्याच्या हातचा आकडा १६:०५चा आहे. दुसरी : प्रताप सोनवणे केव्हा बाहेर पडला ते कुठेच नाही.

प्रतापने लेखी दिलं : 'परवान्यावर वायूचा आकडा नोंदलेला होता. तो पाहून मी सही केली.' यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं.

मंगळवारी समितीने उस्मानला बोलावलं. तो बाहेर आला तेव्हा प्रताप व्हरांड्यात होता.

"काय विचारलं?"

"विचारलं, सही कवा केलीस. तपासलंस का. सोनवणेसाहेब चारला कुठं होते."

"मग?"

"मी बोललो, साहेबांना विचारा. ते सांगतील सगळं." उस्मानने रुमालाने मान पुसली. "तुमचा नंबर कवा?"

"रविवारी."

"बरंय," उस्मान म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरोखरच मोकळा झाला.

मोरेश्वर

मोरेश्वर चितळे प्रतापचा वरिष्ठ, पुण्याचा, निवृत्तीला आठ महिने राहिलेला. त्याने बुधवारी प्रतापला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"शत्रुघ्न हॉस्पिटलात डोळे उघडतोय. देवाची कृपा. पण हातात चमचा धरता येत नाही त्याला. म्हणजे कुणाचं तरी नाव वर जाणार. कळतंय ना?"

"हो."

"आता शांतपणे ऐक. सह्या आधी करायची पद्धत होती, हे तुला सांगायचंच असेल तर सांग बापडा. ती सगळ्यांची चूक आहे. चुकीला ताकिदीचं पत्र मिळतं. पत्र फायलीत जातं. पण मला एक सांग, त्या दिवशी उस्मान काही बोलला होता का? कुरकुर वगैरे?"

प्रतापने मान वर केली.

"मला उत्तर नकोय," मोरेश्वर घाईने म्हणाला. "मला मुळीच सांगू नकोस. फक्त लक्षात ठेव. चूक वेगळी आणि हुकूम वेगळा. खालच्याने हरकत घेतली आणि वरच्याने डावलली, की तो हुकूम. हुकमाची पोलिसकेस होते. देश सोडायला बंदी. प्रणिताचं लग्न असो, आई आजारी असो, तू इथेच. दोन वर्षं, चार वर्षं, कुणी सांगावं?"

"आणि उस्मानचं काय?"

"तो गेला तर घरी जाईल रे. विमानात बसून. खाडीकाठी स्वतःचं घर आहे ना त्याचं? आंबे आहेत." मोरेश्वरने खिडकीकडे पाहिलं. बाहेर धुळीने सगळं पिवळं झालं होतं. "मला तर कधीकधी हेवाच वाटतो."

घरी प्रतापने चारुशीलेला यातलं अर्धंच सांगितलं. ती सगळं ऐकून भांडी लावत राहिली. मग म्हणाली, "तू चार वाजता कुठे होतास ते मला माहितीय. मी खोटं बोलणार नाही. पण मला कुणी विचारणारच नाही, त्यामुळे माझ्या खरेपणाला काही अर्थ नाही. तुलाच विचारणार आहेत."

मालिका पाचवी, भाग दुसरा

शुक्रवारी, नमाज आटोपल्यावर, प्रताप एकटाच फहाहीलला गेला. काय बोलायचं ते ठरवून गेला होता. जिन्यात ते सगळं विसरला.

दार लैलाभाभीने उघडलं. "या भाऊ," म्हणाली, पण वहिनी कुठे असं विचारलं नाही. घरात कोपऱ्यात दोन रिकामी खोकी उघडून ठेवलेली होती. माहीन आतल्या खोलीत होती, तिचं दार बंद.

उस्मान टीव्हीसमोर बसलेला. "काल आला बघा दुसरा भाग," तो म्हणाला. "तुमची वाट बघत होतो. सांगा."

"उस्मान, आधी मला जरा—"

"आधी बसवाली. मंग बाकीचं."

प्रताप बसला. खुर्ची नेहमीचीच, पण तिच्यात बसताना आज अंग चोरावं लागलं.

भाग सुरू झाला. एल्सी बस मागे घेताना म्हाताऱ्या मर्डोची दगडी भिंत पाडते. आजूबाजूला कुणी नसतं. ती निघून जाते. गावात दूधवाल्यावर आळ येतो, कारण त्याची गाडी रोज तिथूनच वळते. मर्डो त्याच्याशी बोलणं टाकतो. लोक त्याच्याकडचं दूध बंद करतात. दूधवाला काही बोलत नाही. एल्सी रोज त्याच्या दारावरून बस नेते आणि रोज एक बोट उचलते, आणि तो रोज उलट बोट उचलतो.

प्रताप सांगत होता. सुरुवातीला त्याने जुना सूर लावायचा प्रयत्न केला, मर्डोची सासू आणली, पण ती कुणाला हसवेना. मग तो नुसतंच सांगू लागला, कोरडं, कागदावरचा आकडा वाचावा तसं. आणि पुढे काय येणार ते त्याला दिसू लागलं. पाच वर्षांत एकही भाग त्याशिवाय संपला नव्हता.

सभागृह आलं. लोक बसलेले. एल्सी उठून उभी राहिली. तिने टोपी काढली आणि दोन वाक्यं बोलली. शांतता झाली.

"काय बोलली?" उस्मानने विचारलं.

प्रतापने ओठ ओले केले. "ती म्हणतेय... भिंत जुनीच होती. केव्हातरी पडणारच होती. यात कुणा एकाचा दोष नाही. सगळे मिळून पुन्हा बांधू."

"असं बोलली?"

"हो."

पडद्यावर मर्डो उठला, बराच वेळ उभा राहिला, मग केटलीकडे गेला. लोक हसले. दूधवाल्याने डोळे पुसले. नावं वर जाऊ लागली.

उस्मानने रिमोटने आवाज बंद केला.

"नाय भाऊ," तो म्हणाला. "ती बोलली, भिंत मी पाडली. त्या दूधवाल्याचा त्यात काय संबंध नाय."

पडद्यावर नावं अजून आवाजाशिवाय वर जात होती.

"काल बघितला मी. माहीनसंगती. तिनं एक शब्द सांगितला नाय, आन् मला सगळं कळलं. पाच वर्सं ऐकतोय भाऊ. तेवढं तरी कळंल ना?" उस्मान हसला, आणि ते हसणं रागाचं असतं तर बरं झालं असतं. "लय आधीपासून कळतंय. पण तुमच्या तोंडून ती सगळी माणसं अशी गोड वाटायची. खरी तेवढी गोड नायत. तो मर्डो नुसता गुड मॉर्निंगच बोलतो."

लैलाभाभी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कुणीच काही बोलेना. त्या शांततेत प्रतापला एक क्षणभर वाटलं की आता इथेच सांगून टाकावं, हीच ती जागा. मग लैलाभाभी म्हणाली, "चहा ठेवू?" आणि तिच्या आवाजात नुसता थकवा होता. ती ज्या सभागृहातून विचारत होती तिथे कुणीच काही कबूल केलं नव्हतं.

"नको भाभी," प्रताप उठला. "रविवारी मी सांगतो, उस्मान. सांगतो सगळं."

"मी कुठं बोललो सांगा म्हणून?" उस्मान जिन्यापर्यंत सोडायला आला. "मी समितीला तेच सांगितलं. साहेबांना विचारा. खोटं नाय बोलणार ते."

रविवार

खोली थंडगार होती. समितीत तिघे. अध्यक्ष कुवेती इंजिनिअर, चाळिशीचे, मृदू बोलणारे. त्यांनी प्रतापसाठी स्वतः चहा ओतला. चौकशीच्या सुरुवातीलाच चहा आला, हे प्रतापला विचित्र वाटलं. तो शेवटी यायचा असतो.

त्याने सांगितलं. इंग्रजीत, तुटक, पण सांगितलं. सह्या अकरा वाजता झाल्या. चारच्या सहीची पद्धत सहा उन्हाळे आहे. मी स्वतः ती शेकडो वेळा केली आहे. त्या दिवशी चार वाजता मी कारखान्यात नव्हतो. फहाहीलला होतो. मी लेखी दिलं त्यातून तुमचा गैरसमज व्हावा अशीच माझी इच्छा होती.

शांतता झाली.

ती अगदी तशीच होती. प्रतापने ती ओळखली. छातीवरचं काहीतरी उचललं गेलं, खांदे खाली आले, आणि त्याला स्वतःच्या डोळ्यांत पाणी आल्याचं जाणवलं. एकोणपन्नास मिनिटं संपली होती. समोरच्या तिघांचे चेहरे त्याला एकदम ओळखीचे, गावातले वाटले.

"आम्ही आभारी आहोत," अध्यक्ष म्हणाले. "हे सोपं नव्हतं. आता एकच प्रश्न." त्यांनी कागद उलटला. "शेजारची नळी उघडलेली आहे हे माहीत असताना तपासनिसाने काही हरकत घेतली होती का? चारला स्वतः तपासतो, असं काही?"

चहावर साय धरली होती. प्रतापने ती पाहिली.

"नाही," तो म्हणाला.

"म्हणजे त्याने स्वतःहून आकडा लिहिला."

"तशी पद्धतच होती."

"पण हरकत घेतली नाही."

"नाही."

लिहिणाऱ्याने लिहिलं. अध्यक्षांनी उठून हात मिळवला.

प्रतापला पत्र मिळालं. त्यात 'प्रामाणिक सहकार्य' असे शब्द होते. परवाने देण्याचं काम त्याच्याकडून काढून त्याला ट्रेनिंगला टाकलं. आता तो नव्या माणसांना सुरक्षेचे नियम शिकवतो. उस्मानचा इकामा रद्द झाला. बुधवारी सकाळी कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कामं बघणारा माणूस, पासपोर्ट हातात घेऊन त्याला विमानतळावर सोडायला गेला. लैलाभाभी आणि माहीन महिनाअखेरीस जाणार होत्या, सामान आवरून.

उस्मानने विमानतळावरून फोन केला.

"भाऊ, ऐकलं मी. तुम्ही सांगितलंत म्हणून. लैलाला बोललो होतो मी, सांगतील. ती बोलत होती नाय सांगायचे." मागे उद्घोषणा चालली होती. "तरी पण पाठवतात. काय करणार? कागदावर आकडा माझाच हाय ना. पण तुम्ही सांगितलंत, ते मोठं काम केलंत."

"उस्मान—"

"तिसरा भाग उद्या येतोय. गावी नेट कसं हाय बघतो. नायतर तुम्ही बघा आन् फोनवर सांगा. तुमच्या पद्धतीनं. मर्डोच्या सासूसकट."

गुरुवारी दुपारी तीनला प्रताप टीव्हीसमोर बसला. चारुशीला शेजारी येऊन बसली नाही. बस निघाली, मेंढ्या आल्या, एल्सी थांबली. मर्डो काहीतरी पुटपुटला. प्रतापने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की सांगायला कुणी नाही, आणि मर्डो खरोखर गुड मॉर्निंगच म्हणालाय.

मग टीव्ही बंद करून तो गाडी घेऊन निघाला. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. अबू हलीफाच्या आतल्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असल्याने एकच गाडी जाईल एवढीच वाट उरली होती. समोरून येणारी पांढरी गाडी थांबली आणि तिने त्याला वाट दिली. प्रतापने स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. त्या माणसाला ते दिसलंच नाही, किंवा कळलं नाही. त्याने हॉर्न वाजवला आणि लवकर जा अशी खूण केली, अख्खा हात हलवून.

त्या गुरुवारी अकरा वाजता, तेरा नंबरच्या खड्ड्यापाशी, उस्मान म्हणाला होता, "साहेब, बाजूची नळी उघडलेली हाय, मी चारपर्यंत थांबतो, मीटर टाकतो आन् मंग घरी जातो," आणि प्रताप म्हणाला होता, "सही कर आणि चल, तीनला पहिला भाग आहे."